रानाचे पाणी कोणत्या महिन्यात मोजावे?

सह्याद्रीच्या माथ्याजवळ, खानापूर, जोयडा, शिरसी या तालुक्यांतून हिंडणाऱ्यास दिवाळीनंतर एक गोष्ट कित्येक ठिकाणी दिसते. एकाच डोंगराच्या दोन अंगांनी दोन ओढे उतरतात. दोहोंवर पाऊस सारखाच पडलेला असतो आणि आषाढात दोन्ही दुथडी भरून वाहतात. परंतु मार्गशीर्ष उजाडेपर्यंत एकाचे पाणी दगडांच्या बेचक्यांत डबकी होऊन राहते. दुसरा मात्र शिमग्यापर्यंत, एखादे वर्षी चैत्रापर्यंतसुद्धा, बारीक का होईना, वाहत असतो. गावातील जाणत्या माणसास याचे कारण विचारले तर तो हात वर करून डोंगर दाखवितो आणि म्हणतो, "वर रान आहे ना!"

हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धे आहे. रान पाणी देते म्हणजे नेमके काय करते, किती देते, आणि कोणास देते, हे प्रश्न त्यातून सुटत नाहीत. त्यांची उत्तरे आकड्यांत मांडण्याचा खटाटोप शास्त्रज्ञ गेली शंभराहून अधिक वर्षे करीत आले आहेत, आणि त्या खटाटोपात एकदा निकाल अगदी उलटाही निघाला होता.

समजूत जुनी आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक १८४७ साली झाली. दक्षिण कोकणातील डोंगर उघडे पडत चालल्यामुळे तेथील ओढे-झरे आटू लागले आहेत, असे त्यांनी त्या सुमारास सरकारला कळविले होते. गिब्सन पेशाने शल्यवैद्य होते, आणि त्यांच्याजवळ पुरावा होता तो डोळ्यांनी पाहिल्याचा व रयतेच्या तोंडून ऐकल्याचा. मोजमाप पुढच्या शतकात आले. स्वित्झर्लंडमधील एमेंटाल खोऱ्यात १९०३ साली दोन लहान पाणलोटांवर नोंदी घेण्यास आरंभ झाला. एक जवळजवळ संपूर्ण झाडीने झाकलेले, दुसऱ्यात झाडी सुमारे एकतृतीयांश आणि बाकी कुरणे. पाणलोट म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी अखेर एकाच ओढ्याच्या मुखाशी येते तो भाग. ओढ्याच्या मुखाशी त्रिकोणी खाचेचा छोटा बंधारा घालावयाचा, खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजावयाची, आणि त्या उंचीवरून दर सेकंदास किती पाणी गेले ते काढावयाचे, ही रीत आजही मूलतः तीच आहे.

या तुलनेत एक दोष होता. दोन पाणलोटांत झाडीखेरीज इतरही फरक असतात: उतार, माती, खालचा खडक. अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात वॅगन व्हील गॅप नावाच्या जागी हा दोष टाळण्याची युक्ती निघाली. १९१० सालापासून शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची नोंद जशीच्या तशी नऊ वर्षे ठेवली. दोन्ही ओढ्यांचे परस्परांशी असलेले नाते अशा रीतीने नीट कळल्यावर १९१९ साली एकावरील झाडे तोडली व दुसरे तसेच राखले. मोजणी १९२६ पर्यंत चालू राहिली. निकाल काय निघाला? झाडे तोडलेल्या पाणलोटातून वर्षाकाठी पाणी कमी आले नाही, अधिक आले.

यात चमत्कार काही नाही. झाड मुळांनी पाणी ओढते आणि पानांवाटे ते हवेत सोडते. शिवाय पावसाचा काही भाग पानांवरच अडून वाळून जातो. जमिनीला तो कधी लागतच नाही. इंग्लंडमध्ये फ्रँक लॉ नावाच्या पाणीपुरवठा खात्यातील अभियंत्याने लँकेशायरमधील स्टॉक्स जलाशयाच्या काठी लावलेल्या सूचिपर्णी झाडांखाली मोजणी केली आणि १९५६ साली असे दाखविले की, गवताळ जमिनीपेक्षा अशी लागवड पाण्याचा बराच अधिक भाग हवेत उडवून टाकते. जलाशय भरावा म्हणून सभोवार झाडे लावणाऱ्यांस हा निकाल रुचला नाही, हे सांगावयास नकोच. पुढे १९८२ साली बॉश व ह्यूलेट या दोघांनी जगभरच्या अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. पाणलोटाच्या दर दहा टक्के क्षेत्रावरील पाइन किंवा निलगिरी काढली असता वर्षाचा प्रवाह सरासरी ४० मिलिमीटरांनी वाढतो, पानझडी रुंदपर्णी झाडांच्या बाबतीत २५ मिलिमीटरांनी, आणि झुडपांच्या बाबतीत १० मिलिमीटरांनी, असा त्यांचा ठोकताळा होता.

मग गावातील जाणता माणूस खोटा ठरला काय? तसेही नाही. दोघे निरनिराळ्या वेळी मोजीत होते. प्रयोगकर्ता वर्षाची बेरीज मांडत होता, आणि गावकरी उन्हाळ्यातील ओढा पाहत होता. सगळा घोळ या एका फरकात आहे, आणि आजच्या हिशेबांतही तो पुष्कळदा तसाच शिरतो.

आज या हिशेबास 'परिसंस्थेच्या सेवांचे प्रतिमान' असे भारदस्त नाव आहे. परिसंस्था म्हणजे झाडे, माती, जीवजंतू, पाणी यांचा एकत्र नांदणारा संसार. त्याच्यापासून माणसास फुकट मिळणारा लाभ म्हणजे सेवा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यमापनाने हा शब्द जगभर रूढ केला. शब्दास दुकानदारीचा किंचित वास आहे खरा. परंतु त्याने एक गोष्ट साधली. रान तोडले तर कोणाचे किती नुकसान होते, हे कारभाऱ्यांना समजेल अशा भाषेत विचारता येऊ लागले. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली आपल्या पाण्याच्या उगमाकडील कॅट्सकिल डोंगरातील गावांशी करार केला आणि तेथील जमीन व रान जपण्यासाठी पैसा देण्याचे मान्य केले, तो याच विचाराने. कारण पाणी गाळण्याचा प्रचंड कारखाना उभारण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडत होते. तेथे प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा होता. सह्याद्रीत तो मुख्यतः पाणी टिकण्याचा आहे.

प्रतिमान म्हणजे काय? ती एक जमाखर्चाची वही होय. जमेच्या बाजूस पाऊस. खर्चाच्या बाजूस हवेत गेलेले पाणी आणि ओढ्यातून वाहून गेलेले पाणी. उरलेली शिल्लक जमिनीत. यांपैकी पाऊस व ओढा मोजता येतात. हवेत किती गेले ते थेट मोजणे कठीण. म्हणून सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ मिखाइल बुडिको यांनी दाखविलेल्या एका साध्या मर्यादेचा आधार घेतात. पडला त्याहून अधिक पाऊस हवेत परतू शकत नाही, ही एक मर्यादा. आणि सूर्याची उष्णता जेवढे पाणी उडवू शकेल तेवढेच उडते, ही दुसरी. प्रत्यक्षात उडणारे पाणी या दोन मर्यादांच्या खाली एका वक्ररेषेवर बसते. रानासाठी रेषा थोडी वर, गवतासाठी थोडी खाली. २००१ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जगातील अडीचशेहून अधिक पाणलोटांची माहिती घेऊन अशा दोन रेषा काढल्या. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झालेले 'इन्व्हेस्ट' नावाचे संगणकीय प्रतिमान आज अनेक देशांत वापरले जाते. त्यातील वार्षिक पाण्याचा भाग याच विचारावर उभा आहे. नकाशाचे बारीक चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनात पाऊस, उष्णता, मातीची खोली व झाडीचा प्रकार भरावयाचा, आणि प्रत्येकातून वर्षाकाठी किती पाणी निघेल ते काढावयाचे.

पद्धत सुटसुटीत आहे, आणि सपाट, कोरड्या मुलखात उपयोगीही आहे. परंतु सह्याद्रीवर ती लावून पाहा. समजा, एका जागी वर्षास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सूर्य वर्षभरात फार तर १५०० मिलिमीटर पाणी उडवू शकतो. मग रान असो वा उघडा माळ, निम्म्याहून अधिक पाणी खाली येणारच. फरक एवढाच दिसेल की, रान माळापेक्षा थोडे अधिक पाणी हवेत दवडते. म्हणजे वहीत रान उधळ्या ठरते आणि उघडा डोंगर काटकसरी! वही खोटे बोलत नाही. तिला महिने ठाऊक नाहीत, एवढेच. आषाढात जे पाणी पुरातून समुद्राला गेले आणि जे फाल्गुनात झऱ्यातून आले, ती दोन्ही तिच्या लेखी एकच.

येथे माती पुढे येते. रानातील जमीन कुजलेल्या पाल्याने झाकलेली असते. मुळे, वाळवी, गांडुळे यांनी तिच्यात असंख्य वाटा पाडलेल्या असतात. पावसाची सर आली की पाणी या वाटांनी खाली उतरते. जेथे गुरे फिरून, पाला झाडून नेऊन, वरचेवर वणवा लागून जमीन घट्ट झाली आहे, तेथे सरीचा जोर जमिनीच्या पिण्याच्या वेगाहून अधिक ठरतो. न प्यालेले पाणी उतारावरून धावत सुटते. तासा-दोन तासांत ओढा फुगतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. तेव्हा झाडी जमीन अधिक पाणी प्यावी अशी तजवीज करते आणि त्यातले काही स्वतः पिऊनही टाकते. मिळकत मोठी की खर्च मोठा, यावर उन्हाळ्यातील ओढ्याचे भवितव्य अवलंबून असते. हा विचार डच जलशास्त्रज्ञ सांपूर्नो ब्रुइन्झील यांनी १९८९ साली उष्ण कटिबंधासाठी स्पष्टपणे मांडला. तो तर्क म्हणून पटण्याजोगा होता. प्रश्न होता तो एखाद्या डोंगरावर तपासून पाहण्याचा.

ही तपासणी गोवा आणि बेळगावच्या शेजारीच, उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कारवार जिल्ह्यात झाली, ही या भागातील वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची गोष्ट होय. जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००५ या काळात तेथील अकरा छोट्या पाणलोटांवर मोजमाप केले. सर्वांत लहान ७ हेक्टरांचे, मोठे २३ हेक्टरांचे. काही किनाऱ्याकडे, काही घाटावर मलनाडात. तीन पाणलोटांवर मूळचे सदाहरित रान टिकून होते. चारांवर रान फार वापरले जाऊन विरळ झाडांचा माळ झाला होता. उरलेल्या चारांवर अशाच उजाड झालेल्या जमिनीवर अकेशियाची लागवड केलेली होती. ऑस्ट्रेलियाकडून आलेले हे झाड आता कोकण, गोवा व कारवार या पट्ट्यांत रस्तोरस्ती दिसते. अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

पावसाळ्यातील पावसापैकी किती भाग जमिनीत खोल उतरून भूजलास मिळाला? किनाऱ्याकडे मूळ रानाखाली ५० टक्के, अकेशियाखाली ४६ आणि उजाड रानात ३५. घाटावर हेच प्रमाण अनुक्रमे ६१, ५५ आणि ३६ टक्के आढळले. पुन्हा मातीतून पाणी कसे सरकते याचे निराळे संगणकीय प्रतिमान वापरून तोच हिशेब केला, तेव्हा आकडे ४६, ३९ आणि १४ असे आले. आकडे बदलले, क्रम मात्र ढळला नाही. प्रतिमानांवर किती विश्वास ठेवावा, याचा हा चांगला नमुना आहे. एकच प्रतिमान आणि एकच आकडा यांवरून कोणी धोरण ठरवू लागल्यास सावध राहावे. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन क्रम तोच येत असेल तर त्यास वजन द्यावे.

या फरकाची किंमत समजण्यासाठी थोडे अंकगणित पुरे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. पावसाळ्यात ३००० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले, तर ६१ आणि ३६ टक्क्यांतील फरक ७५० मिलिमीटरांचा होतो. म्हणजे दर हेक्टरास ७५ लाख लिटर. हे सारेच पाणी पुढे झऱ्यातून बाहेर येत नाही. काही झाडे पितात, काही खडकांतून दूर जाते. तरीही मूळ रानाखालील ओढे कोरड्या दिवसांत अधिक काळ वाहत होते, असेच प्रवाहाच्या नोंदींवरून दिसले. खालच्या अंगाला, पोफळीच्या बागांना आणि भातशेतीला पाणी देणारे एक-दोन चौरस किलोमीटरांचे मोठे पाणलोटही तपासले होते; ज्यांच्या माथ्यावर रान अधिक होते त्यांचे पाणी उन्हाळ्यात अधिक दिवस पुरले.

झाडांच्या खर्चाचे काय झाले, अशी शंका येथे निघेल. त्याचे उत्तर पावसाळ्याच्या आभाळात आहे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग दाटलेले असतात आणि हवा ओलीचिंब असते. अशा हवेत पानांवाटे पाणी फारसे उडतच नाही. रानात, लागवडीत आणि माळावर ते प्रमाण जवळजवळ सारखे राहते. खर्चात फरक नाही, म्हणून मिळकतीतील फरक निर्णायक ठरतो. जेथे पाऊस वर्षभर रिमझिम पडतो आणि मधून मधून ऊन तापते, अशा इंग्लंडसारख्या देशाचा निकाल येथे जसाच्या तसा लागू का पडत नाही, हेही यावरून उमगते.

परंतु यावरून 'झाडे लावा, पाणी मिळेल' असा निष्कर्ष काढणाऱ्याने नीलगिरीकडे एकदा पाहावे. उटकमंड येथील मृद व जलसंधारण केंद्राने ग्लेनमॉर्गन येथे जोडपाणलोटांचा प्रयोग केला. तेथे मुळात रान नव्हते. डोंगरमाथ्यावरची नैसर्गिक गवताळ कुरणे होती, आणि त्यांची माती उत्तम पाणी पिणारी होती. एका पाणलोटाच्या सुमारे ५९ टक्के भागावर निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत ओढ्याचे पाणी सरासरी १६ टक्क्यांनी घटले. झाडे तोडून बुंध्यांतून पुन्हा फुटवे आले त्या दुसऱ्या फेरीत घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. येथे मिळकत आधीच पूर्ण होती. लागवडीने नुसता खर्च वाढविला. उजाड झालेल्या कारवारी जमिनीवर अकेशियाने काही पाणी परत मिळवून दिले, तर निरोगी कुरणावर निलगिरीने ते घालविले. आधी तेथे काय होते, हे न विचारता लागवडीच्या हेक्टरांची बेरीज प्रसिद्ध करण्याची जी सरकारी रीत आहे, ती पाण्याच्या दृष्टीने निरर्थक म्हणावी लागते.

आणखी एक गुंतागुंत माणसांची आहे. कर्नाटकाच्या दक्षिणेस बंडीपूर अभयारण्याच्या कडेला, गुंडलुपेट तालुक्यात बरगी नावाचे गाव आहे. तेथे पाऊस थोडा, आणि शेती गावच्या तलावावर. तलाव भरतो तो वरच्या विरळ रानातून धावत येणाऱ्या पाण्याने. तेथील अभ्यासातून असे दिसले की, वरचे रान पुन्हा दाट झाले तर तलाव भरण्याची वर्षे कमी होतील, भिजणारे क्षेत्र घटेल, आणि शेतकऱ्यांचे उत्पन्न व मजुरांची रोजी दोन्ही बसतील. म्हणजे जे पाणी जमिनीत मुरणे शिरसीच्या बागाइतदाराला वरदान, तेच बरगीच्या तलावधारकाला तोटा. सेवा कोणाची, हे न सांगता सेवेचा आकडा सांगणे म्हणजे पत्त्याशिवाय पत्र टाकणे होय.

वर्षाचा हिशेब आणि महिन्याचा हिशेब यांतील अंतर किती खोल जाते, हे पाहावयाचे तर म्हादई नदीचे उदाहरण जवळचे आहे. खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात उतरणाऱ्या आणि मांडवी नावाने पणजीपाशी समुद्रास मिळणाऱ्या या नदीच्या वाटणीसाठी २०१० साली लवाद नेमला गेला. त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्यास २४, कर्नाटकास १३.४२ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी ठरवून दिले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. वाटणी योग्य की अयोग्य, हा येथील विषय नव्हे. हे आकडे वर्षाचे आहेत, एवढे ध्यानात घ्यावयाचे. नदीचे बहुतेक सारे पाणी चार महिन्यांत येते, आणि सत्तरीतील कुळागरांना ते हवे असते उरलेल्या आठांत. त्या आठ महिन्यांचे पाणी उगमाकडील रानाच्या मातीत साठते. लवादाच्या टीएमसीत त्या साठ्याला वेगळे घर नाही. महिनावार चालणारी प्रतिमाने आता उपलब्ध आहेत; 'इन्व्हेस्ट'मध्येही तसा एक भाग आहे, आणि तो पुरातून गेलेले व झऱ्यातून आलेले पाणी वेगळे दाखवितो. त्यांना लागणारी नोंद मात्र आयती मिळत नाही. त्यासाठी लहान ओढ्यांवर खाचेचे बंधारे हवेत, आणि वर्षानुवर्षे भर पावसात तेथवर चालत जाऊन पाण्याची उंची टिपणारा माणूस हवा. मोठ्या नद्यांच्या पुलांपाशी ही सोय असते. सह्याद्रीच्या माथ्याकडील ओढ्यांवर ती क्वचितच असते.

राहिला प्रश्न रान राखूनही ते वापरण्याचा. नेपाळमध्ये काठमांडूच्या पूर्वेस धुलिखेल परिसरात उजाड डोंगरावर पाइनची लागवड होऊन पंचवीस वर्षे लोटली, तेव्हा तेथील मातीची तपासणी झाली. झाडे उंच वाढली होती. पण माती अद्याप उजाड कुरणासारखीच घट्ट होती, कारण लोक खालचा पाला सतत गोळा करून नेत होते आणि गुरे फिरत होती. झाडांचा खर्च सुरू झाला होता. मातीची मिळकत सुरूच झाली नव्हती. शिरसी, सिद्दापूर, यल्लापूर या तालुक्यांत ही गोष्ट फार जवळची आहे. पोफळीच्या बागेला पाल्याचे आच्छादन व खत लागते, आणि त्यासाठी शेजारच्या रानातील पाला तोडण्याचा हक्क बागाइतदारांस पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा जमिनीस तेथे 'बेट्ट' म्हणतात. एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्ट देण्याची वहिवाट आहे. बाग दरीच्या तळाशी असते आणि बेट्ट तिच्या माथ्यावर. चैत्र-वैशाखात पोफळींना शिंपावयाचे पाणी पुष्कळ ठिकाणी त्याच नऊ एकरांखालून झिरपत खाली येते.